कोण कुणाला फोन करतं: छोट्या संस्थांसाठी नेटवर्क ॲनालिसिस

सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही सामाजिक संस्थेचा वार्षिक अहवाल उघडून बघा, पहिल्या दोन-तीन पानांत आकडेच आकडे असतात, किती बचत गट, किती महिला, किती शिबिरं, किती गावं, किती रोपं लावली, आणि शेवटी देणगीदारांचे आभार. हे आकडे लागतातच, सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी देणारे, मागतात, धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यावा लागतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण उद्या निम्मा निधी बंद झाला तर ही संस्था टिकेल का, एखादी नवीन योजना गावात पोचवायची तर ती किती दिवसांत घरोघरी पोचेल, एखादी कार्यकर्ती लग्न होऊन पुण्याला गेली तर किती काम ठप्प होईल, यातलं काहीच त्या आकड्यांतून कळत नाही. ते कळतं कोण कुणाशी बोलतं यावरून. आणि कोण कुणाशी बोलतं हेसुद्धा मोजता येतं, त्यालाच नेटवर्क ॲनालिसिस म्हणतात. नाव जड आहे, पण काम वही-पेनावर जमण्यासारखं आहे आणि मला मनापासून वाटतं की आपल्याकडच्या प्रत्येक छोट्या संस्थेनं वर्षातून एकदा तरी ते करावं.

मूळ कल्पना एवढीच. माणूस किंवा संस्था किंवा गाव म्हणजे एक ठिपका. दोघांमध्ये काही संबंध असेल तर मध्ये एक रेघ. संबंध कुठला ते आधी ठरवायचं, म्हणजे "कामात अडलं की फोन करते" हा एक संबंध, "पैसे उसने देते" हा वेगळा, "एकाच गावात काम करतात" हा तिसरा. एका चित्रात एकाच प्रकारची रेघ. इथं गडबड झाली की पुढचं सगळं चुकतं, कारण नातेवाईक असणं आणि कामाचा फोन करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे त्या बऱ्याचदा एकत्र येतात तो भाग वेगळा.

हे काही कॉम्प्युटर आल्यावर सुचलेलं नाही. १९३२ च्या सुमाराला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावात मुलींची एक निवासी शाळा होती आणि तिथून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. एकेका मुलीचा स्वभाव, घरची परिस्थिती बघून काही उलगडा होईना. जेकब मोरेनो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी मुलींना विचारलं की तुला कुणासोबत राहायला आवडेल, कुणासोबत काम करायला आवडेल, आणि ती उत्तरं गोल आणि रेघा काढून कागदावर मांडली. तेव्हा दिसलं की पळून जायची कल्पना या रेघांवरून एकीकडून दुसरीकडे गेली असावी. आजची सगळी सॉफ्टवेअरं मुळात हेच चित्र काढतात, फक्त मोठं आणि भराभर.

आता आपल्याकडचं बघू. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीत कुणीच विसरलेलं नाही, आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. राज्यभरातून मदत आली, ट्रकच्या ट्रक आले, लोकांनी अंगावरचं काढून दिलं म्हणावं इतकं दिलं. आणि तरी ज्यांनी त्या दिवसांत वाटपाचं काम केलंय त्यांना विचारा, सगळे एकच सांगतील, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या गावात कपड्यांचे ढीग पडले, बिस्किटांचे बॉक्स तसेच राहिले, आणि आतल्या मळ्यातल्या वस्तीवर, भाड्यानं राहणाऱ्यांकडे, गाव सोडून पाहुण्यांकडे गेलेल्यांकडे कुणी फिरकलंच नाही. माल कमी नव्हता आणि माणसंही कमी नव्हती, पण कोण कुठं चाललंय हे एकमेकांना माहीत नव्हतं.

याचा तक्ता कसा दिसतो ते सांगतो. एक्सेल किंवा गूगल शीट घ्या. डावीकडे एकाखाली एक गावं लिहा, आणि गावं म्हणजे नुसतं महसुली गाव नव्हे, वाड्या, वस्त्या, मळे सुद्धा वेगळ्या ओळीत, कारण मदत चुकते ती नेमकी तिथंच. वर आडव्या ओळीत संस्था, मंडळं, तालमी, ट्रस्ट, जो कुणी मदत करतोय तो. संस्था त्या गावात पोचते तर १, नाही तर ०. झालं. आता प्रत्येक ओळीची बेरीज करा, या गावात किती जण पोचतात ते कळलं. जिथं बेरीज ० आहे तिथं लाल रंग द्या. जिथं १ आहे तिथंही रंग द्या, कारण ती एक संस्था थकली, तिची गाडी बंद पडली की ते गाव शून्यावर येतं. आणि जिथं बेरीज ७-८ आहे तिथल्या संस्थांना एकत्र बसवून कामं वाटून द्या.

इथवर सगळ्यांना जमतं. पुढची पायरी मात्र फार कमी जण करतात आणि माझ्या मते खरा फायदा तिथंच आहे. याच तक्त्यावरून दुसरा तक्ता काढा, दोन्ही बाजूंना संस्थाच, आणि चौकोनात आकडा लिहा की या दोन संस्थांची सामाईक गावं किती. मग त्याच संस्थांना एक प्रश्न विचारा, गेल्या तीन महिन्यांत तुम्ही यातल्या कुणाशी कामासाठी बोललात. आता दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. ज्या दोन संस्थांची पाच-सहा गावं सामाईक आहेत आणि ज्यांचं आपसात बोलणंच नाही, अशा जोड्या शोधा. या जोड्या जुळवणं हे तालुक्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे, एक चहा आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्यातून दुबार सर्व्हे, दुबार शिबिरं, एकाच बाईचं नाव चार याद्यांत, हे सगळं कमी होतं.

जाळं दाट आहे की विरळ, हेही एका आकड्यात सांगता येतं. समजा तालुक्यात १२ संस्था आहेत. प्रत्येकीचा प्रत्येकीशी संबंध असेल तर एकूण जोड्या होतात ६६, बारा गुणिले अकरा भागिले दोन. प्रत्यक्षात बोलणं आहे १५ जोड्यांत. म्हणजे २३ टक्क्यांच्या आसपास. याला डेन्सिटी म्हणतात. हा आकडा १०० व्हावा असं अजिबात नाही हं, सगळे सगळ्यांशी बोलायला लागले तर दिवसभर मिटिंगाच होतील आणि काम कोण करणार. पण दोन वर्षांनी तो २३ चा ३५ झाला की १२ झाला, यात बरंच काही कळतं.

आता संस्थेच्या आत. जत तालुक्यात काम करणारी एक संस्था डोळ्यासमोर आणा, खरी नाही, समजायला घेतलेली. डफळापूरच्या बाजूला पाच जणी काम करतात, त्या रोज एकमेकींशी बोलतात. उमदी-संखच्या बाजूला चार जणी, त्यांचंही आपसात छान जमतं, पण भाग लांब, भाषेत कानडी मिसळलेली, त्यामुळं डफळापूरकडच्या मुलींशी थेट बोलणं असं नाहीच. मध्ये ऑफिसात डाटा एन्ट्री करणारी एक मुलगी आहे. तिचं इकडं फक्त एकीशी बोलणं, तिकडंही फक्त एकीशी. म्हणजे तिच्या नावावर रेघा दोनच, संपूर्ण चित्रात सगळ्यात कमी. पगारही बहुतेक सगळ्यात कमी. पण इकडची बातमी तिकडं जायची तर ५ गुणिले ४, वीसच्या वीस जोड्यांची वाट तिच्यावरून जाते, गावात जायला एकच पूल असावा तशी. ती नोकरी सोडून गेली की संस्थेचे दोन तुकडे होतात आणि अध्यक्षांना ते कळतही नाही, फक्त सहा महिन्यांनी लक्षात येतं की उमदीकडचं रिपोर्टिंग उशिरा यायला लागलंय.

कुणाच्या किती रेघा आहेत या मोजणीला डिग्री म्हणतात, आणि किती जोड्यांची वाट कुणावरून जाते याला बिट्वीननेस. ही दुसरी मोजणी लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडली. आपल्या संस्थांना दोन्हींची गरज आहे, पण आपण नेहमी फक्त पहिलीच बघतो, म्हणजे जो सगळ्यांना ओळखतो, ज्याचा फोन सारखा वाजतो तो महत्त्वाचा. तो असतोच महत्त्वाचा. पण दुसऱ्या मोजणीत अशी माणसं पुढं येतात जी स्टेजवर कधीच नसतात, गाडीचा ड्रायव्हर, हिशोब बघणारे काका, आशाताई, बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती, म्हणजे सीआरपी. अशा माणसावर सगळा भार आहे असं दिसलं तर उपाय साधा आहे, तिच्या शेजारून अजून एक वाट काढायची. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांची महिन्यातून एक बैठक आळीपाळीनं डफळापूर आणि संखला घ्यायची, की लगेच चार-पाच नवीन रेघा तयार होतात. आणि तिचा पगार वाढवा, हे पण चित्रातूनच दिसतंय की.

आता थोडं उलट वाटणारं. आपल्याला वाटतं घट्ट संबंध म्हणजे ताकद. मार्क ग्रॅनोवेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक प्रसिद्ध लेख आहे, त्यात त्यानं ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्यानं नोकरीची बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटायचात. सारखं भेटणाऱ्यांकडून बातमी मिळालेले निघाले साधारण १७ टक्के. बाकीच्यांना ती मिळाली अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे, रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवीन बातमी लांबच्या ओळखीतून येते. संस्थेच्या भाषेत सांगायचं तर ट्रस्टी बोर्डावर सगळे एकाच पेठेतले, एकाच कॉलेजचे, एकमेकांचे मित्र असतील तर विश्वास भरपूर असतो पण नवीन देणगीदार, नवीन योजना, नवीन माणूस आत येत नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करायचा असतो, पैसा आहेच, पण तो पोचतो ज्यांची कुठंतरी लांबची ओळख आहे त्यांच्याकडे आधी. तेव्हा बोर्डावर एखादा एमआयडीसीतला, एखादी कृषी खात्यातून रिटायर झालेली, एखादा मुंबईला स्थायिक झालेला गावचा मुलगा असा एकेक लांबचा धागा जाणीवपूर्वक ठेवायला हवा असं मला वाटतं.

मला सगळ्यात जास्त उपयोगाचा वाटतो तो प्रश्न म्हणजे गावात पहिल्यांदा कुणाला सांगायचं. यावर आपल्या शेजारीच, कर्नाटकात, मोठा अभ्यास झालाय. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर दुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांचा तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. एक मायक्रोफायनान्स संस्था ४३ गावांत गेली, प्रत्येक गावात आधी शिक्षक, दुकानदार, बचत गटाच्या प्रमुख अशा लोकांना कर्जाची माहिती दिली आणि त्यांना सांगितलं पुढं सांगा. काही गावांत खूप बायका सामील झाल्या, काही गावांत अगदी थोड्या. फरक कशानं पडला? त्या पहिल्या लोकांच्या ओळखी किती, यानं नाही. त्यांच्या ओळखीच्या लोकांच्या ओळखी किती, आणि त्यांच्याही पुढच्यांच्या किती, यानं. म्हणजे सरपंचांना दोनशे लोक नमस्कार करतात, पण ते दोनशे पुढं कुणाला काही सांगत नसतील तर बातमी तिथंच थांबते. उलट एखाद्या मावशीचं बोलणं चौघींशीच असतं, पण त्या चौघी म्हणजे एक दूध डेअरीवर, एक अंगणवाडीत, एक भिशी चालवणारी, एक ऊसतोडीची टोळी सांभाळणारी. बातमी दुपारपर्यंत गावभर.

पण अशी माणसं शोधायची कशी, सगळ्या गावाचं जाळं काढायला महिने जातील, एवढे पैसे कुणाकडे आहेत. त्याचंही उत्तर याच मंडळींनी दिलं. त्यांनी गावातल्या काही लोकांना नुसतं विचारलं की एखादी बातमी गावभर पसरवायची असेल तर कुणाला सांगावं. आणि लोकांनी सांगितलेली नावं चांगली निघाली. कर्नाटकातल्या २१३ गावांत त्यांनी हे करून बघितलं, जिथं लोकांनी सुचवलेल्या माणसांना बातमी दिली तिथं ती जास्त पसरली, गावात मान असलेल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं त्यापेक्षाही जास्त. हरियाणात लहान मुलांच्या लसीकरणासाठी हीच पद्धत वापरली तर तिथंही लसीकरण वाढलं. म्हणजे गावाला स्वतःचं जाळं माहीत असतं, फक्त कुणीतरी विचारायला हवं.

अजून एक युक्ती होंडुरास देशातली, २०१५ ची. तिथं ३२ गावांत जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि पाणी शुद्ध करायचं औषध द्यायचं होतं. काही गावांत सगळ्यात जास्त ओळखी असलेल्यांना निवडलं, त्याचा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांपेक्षा फार फायदा दिसला नाही. पण चिठ्ठीत आलेल्या माणसाला "तुझ्या एका मित्राचं नाव सांग" म्हणून जी नावं आली, त्यांना सुरुवातीला गाठलं तेव्हा गोळ्या घेणारे वाढले. याच्यामागं गणित आहे. ज्याला जास्त मित्र असतात त्याचं नाव जास्त जणांच्या तोंडून येतं, म्हणून कुणाच्याही मित्राला सरासरीनं त्या माणसापेक्षा जास्त ओळखी असतात. स्कॉट फेल्ड यांनी हे १९९१ मध्ये दाखवलं. सांगलीत वापरायचं तर वाडीतल्या कुठल्याही दहा घरांचे दरवाजे वाजवा, प्रत्येक घरातल्या बाईला तिच्या एका मैत्रिणीचं नाव विचारा आणि शिबिराचं आमंत्रण त्या मैत्रिणींना द्या. खर्च शून्य.

करायला बसाल तेव्हा सुरुवात कागदावर करा. इव्हा शिफर यांनी घानात पाणी वाटपाच्या कामात एक पद्धत बसवली, नेट-मॅप म्हणतात तिला. मोठा कागद जमिनीवर पसरायचा, सगळ्यांनी भोवती बसायचं, कोण कोण संबंधित आहे त्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून मांडायची, वेगवेगळ्या रंगांच्या पेनानं रेघा ओढायच्या, पैशाची एक, सल्ल्याची एक, आणि मग ज्याचं वजन जास्त त्याच्या चिठ्ठीवर सोंगट्यांची उतरंड रचायची. आपल्याकडं कॅरमच्या सोंगट्या चालतात. यात खरा माल असतो तो उतरंडीवरून होणारा वाद, कुणी म्हणतं ग्रामसेवकाला सात, दुसरी म्हणते छे, तीन, सगळं काम तर शिपाईच करतो. तो वाद कुणीतरी शेजारी बसून लिहून घ्या, चित्रापेक्षा तो मोलाचा. नंतर मोठं जाळं असेल तर दोन कॉलमची शीट करा, पहिल्या कॉलममध्ये कोण, दुसऱ्यात कुणाला, आणि ती गेफी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, मोजण्या ते करून देतं.

प्रश्न विचारताना "तुमचे संबंध कुणाशी चांगले आहेत" असं विचारू नका, सगळे सगळ्यांची नावं सांगतील. "गेल्या महिन्यात काम अडलं तेव्हा कुणाला फोन केला" असं घडलेलं विचारा. आणि उत्तरं शक्यतो सगळ्यांची घ्या, कारण नेहमीच्या सर्व्हेत दहा जण सुटले तर थोडं कमी-जास्त होतं, पण इथं ती मधली एक मुलगी सुटली तर चित्रात दोन तुकडे दिसतील जे प्रत्यक्षात नाहीत.

चित्रावरून घाईनं निकालही काढू नका. एखादीच्या रेघा कमी आहेत म्हणजे ती काम करत नाही असं नाही, ती नवीन असेल, तिच्या घरी फोन एकच असेल आणि तो नवऱ्याकडे असेल. हे चित्र बघून कुणाला मेमो देणार असाल तर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आणि सगळ्यात काळजीची गोष्ट, नावं. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या महिलांसोबत, एचआयव्हीच्या प्रश्नावर काम करतेय. असल्या कामात कोण कुणाला ओळखतं याची यादी बाहेर गेली तर एखाद्या बाईचं घर, मुलांची शाळा, सगळं धोक्यात येतं. कौटुंबिक हिंसाचार, व्यसनमुक्ती, कर्जबाजारी शेतकरी, इथंही तेच. आणि जाळ्यात अजून एक अडचण आहे, जिनं स्वतः परवानगी दिलेली नाही तिचंही नाव दुसरी कुणी सांगते. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आलाय, परवानगी घेणं, ज्या कामासाठी माहिती घेतली तेवढ्यासाठीच वापरणं हे त्यात आहे, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. नावांऐवजी १, २, ३ असे नंबर वापरा. कुठला नंबर कुणाचा ही यादी वेगळ्या वहीत, कपाटात कुलूप लावून, एकाच जबाबदार माणसाकडे. शीट व्हॉट्सॲपवर फिरवू नका. देणगीदाराला दाखवायचं असेल तर नंबरही काढून टाका, नुसते ठिपके दाखवा. काही कामं अशी आहेत जिथं जाळं काढूच नये, आणि ते संस्थेनं त्या बायकांनाच विचारून ठरवावं.

जिथं काढाल तिथं ते आधी ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना परत नेऊन दाखवा. प्रिंट काढून भिंतीवर लावा, त्यात स्वतःचा नंबर शोधू द्या, चुकलेल्या रेघा खोडू द्या, राहिलेल्या काढू द्या. त्याच बैठकीत ठरवा की पुढच्या सहा महिन्यांत कुठल्या दोन-तीन रेघा नव्यानं जोडायच्या आणि त्या कोण जोडणार, आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत परत विचारा, शब्द बदलले तर दोन चित्रांची तुलना करता येणार नाही.